साठच्या दशकातली ती गाजलेली इंग्रजी गाणी नक्की वाजवली कुणी?

बीच बॉईज, सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, बर्ड्स, मंकीज. १९६० च्या दशकातलं पॉप आणि रॉक आवडणाऱ्यांना ही नावं तोंडपाठ असतात. कुठल्या गाण्यात कुणाचा आवाज आहे, कुठला अल्बम कुठल्या वर्षी आला, यावर ते तासभर वाद घालू शकतात.

पण एक प्रश्न विचारून बघा. 'माय गर्ल' सुरू झाल्यावर गायकाच्या आधी जी गिटार ऐकू येते, ती कुणी वाजवली? 'बी माय बेबी'च्या सुरुवातीला तो ढोल्यासारखा ठेका कुणाचा? इथे भलेभले चाहते गप्प होतात.

यात त्यांची चूक नाही. ही नावं त्या काळात तबकडीवर छापलीच जात नव्हती. त्या दशकातली कितीतरी गाणी ज्यांच्या बोटांतून उतरली, ते वादक महिना संपल्यावर बिल भरायची चिंता करणारे, रोजच्या बिदागीवर काम करणारे लोक होते. त्यांची ही गोष्ट.

सेशन म्युझिशियन म्हणजे कोण?

रेकॉर्डिंग स्टुडिओत ठरलेल्या वेळेसाठी बोलावलेला वादक म्हणजे सेशन म्युझिशियन. अमेरिकेत एक सत्र साधारण तीन तासांचं असायचं. वादकांच्या युनियनने ठरवलेला दर मिळायचा. तीन तासांत एक गाणं होवो किंवा तीन, काम संपलं की पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओकडे निघायचं.

त्यांना बोलावण्यामागे सरळ हिशेब होता. स्टुडिओचं भाडं महाग. गाण्याचे कागद समोर आले की दहा मिनिटांत बसवून न चुकता वाजवणारे लोक हवे असायचे. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या विशी-बाविशीच्या बँडला ते जमेलच याची खात्री नव्हती.

मात्र अनेकदा कागदावर पूर्ण संगीत लिहिलेलं नसायचंच. फक्त कॉर्ड लिहिलेल्या असायच्या. बाकी काय वाजवायचं ते वादकाने तिथल्या तिथे शोधायचं. मुद्दा इथेच आहे. आज आपण जे तुकडे गुणगुणतो, त्यातले बरेचसे त्या तीन तासांत, अशा बिननावाच्या माणसाला सुचलेले आहेत.

लॉस एंजेलिस आणि 'रेकिंग क्रू'

लॉस एंजेलिसमध्ये अशा वादकांचा एक मोठा गट होता. पुढे त्याला 'द रेकिंग क्रू' हे नाव पडलं. ड्रमर हॅल ब्लेन यांनी १९९० मध्ये आलेल्या आपल्या आत्मचरित्रात ते वापरलं आणि तेच रूढ झालं. त्याच गटातल्या बेसवादक कॅरल के यांना मात्र हे नाव मुळीच मान्य नव्हतं. त्या काळी आम्हाला असं कुणी म्हणत नव्हतं, असं त्या सांगत राहिल्या.

निर्माता फिल स्पेक्टर गोल्ड स्टार स्टुडिओत याच मंडळींना घेऊन काम करायचा. छोट्या खोलीत दोन-तीन पियानो, तीन-चार गिटार, तालवाद्यांची रांग, सगळे एकत्र वाजवणार. तो सगळा आवाज प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून परत टेपवर घ्यायचा. वेगवेगळी वाद्यं मिसळून आवाजाची एक भिंतच उभी राहायची. म्हणूनच या पद्धतीला 'वॉल ऑफ साउंड' म्हणतात. १९६३ मधलं रोनेट्सचं 'बी माय बेबी' हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याची सुरुवात करणारा ठेका हॅल ब्लेन यांचा. बीच बॉईजचा ब्रायन विल्सन गाडी चालवत असताना रेडिओवर हे गाणं लागलं आणि त्याने गाडी बाजूला घेतली, हा किस्सा त्याने स्वतः अनेकदा सांगितला आहे.

पुढे त्याच विल्सनने १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' हा अल्बम केला. बाकीचे बीच बॉईज जपानच्या दौऱ्यावर होते. विल्सन घरी थांबला आणि याच सेशन वादकांना घेऊन वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित करत राहिला. दौऱ्यावरून परतलेल्या मंडळींनी त्यावर आवाज दिले. आज जगातल्या सर्वोत्तम अल्बमच्या जवळपास प्रत्येक यादीत 'पेट साउंड्स' असतो. मुखपृष्ठावर शेळ्यांना खाऊ घालणारे बीच बॉईज आहेत. वाजवणारे त्यात नाहीत.

हॅल ब्लेन यांच्या कामाचा आवाका समजायला एकच गोष्ट पुरेशी आहे. १९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षं ज्या गाण्याला 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं, त्या सहाही गाण्यांत ड्रम त्यांचे होते. गाणी वेगवेगळ्या कलाकारांची होती. फ्रँक सिनात्रा, फिफ्थ डायमेन्शन, सायमन अँड गारफंकेल. ठेका मात्र एकाच माणसाचा.

कॅरल के यांची गोष्ट तर वेगळीच. पुरुषांनी भरलेल्या त्या स्टुडिओत त्या जवळपास एकट्या बाई. मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस हातात घेतला आणि मग तोच त्यांचा झाला. सनी अँड शेअर यांचं 'द बीट गोज ऑन' हे जवळजवळ एकाच कॉर्डवर चालणारं गाणं. त्याला जीव देणारी बेसची ओळ के यांनी स्टुडिओत बसून शोधली. गाण्यातून ती ओळ काढून बघा, हाती फारसं काही उरत नाही.  २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांची निवड केली, पण तो मान त्यांनी नाकारला.

बँड एक, वाजवणारे दुसरेच

बर्ड्सचं 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' १९६५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गाण्यात आवाज बर्ड्सचेच आहेत. पण वाद्यांपैकी फक्त रॉजर मॅग्विनची बारा तारांची गिटार त्यांची. बाकी सगळं सेशन वादकांचं. अल्बमची पुढची गाणी मात्र बर्ड्सनी स्वतः वाजवली आणि आपण वाजवू शकतो हे दाखवून दिलं.

मंकीजच्या बाबतीत प्रकरण चिघळलं. हा बँड जमला तोच मुळी टीव्ही मालिकेसाठी. १९६६ मध्ये मालिका सुरू झाली, गाणी तुफान चालली. पहिल्या दोन अल्बममध्ये वाद्यं बहुतांशी सेशन वादकांची होती. चाहते चिडले, वर्तमानपत्रांनी 'खोटा बँड' म्हणून झोडपलं. खुद्द बँडमधले तरुणही वैतागले होते. भांडण करून त्यांनी स्वतः वाजवण्याचा हक्क मिळवला आणि १९६७ मध्ये 'हेडक्वार्टर्स' हा अल्बम आपल्या हाताने वाजवून काढला. तोही पहिल्या क्रमांकावर गेला.

गंमत अशी, की मंकीजना शिव्या देणारे बरेच लोक त्याच वेळी बर्ड्स आणि बीच बॉईज डोक्यावर घेऊन नाचत होते. वादक तेच होते. फरक इतकाच, की मंकीजचं गुपित बाहेर आलं होतं.

डेट्रॉइटचं तळघर

आता लॉस एंजेलिसहून डेट्रॉइटला जाऊ. मोटारींच्या कारखान्यांचं शहर. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन इथे जी कंपनी काढली, ती पुढे 'मोटाउन' म्हणून जगाला माहीत झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. जिथे वादक दाटीवाटीने बसायचे, त्या खोलीला ते 'स्नेकपिट' म्हणजे सापांचा खड्डा म्हणत, कारण छतावरून सगळीकडे वायरी लोंबकळत.

सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे. गायक बदलत राहिले. मागे वाजवणारा ताफा मात्र बहुतेक वेळा एकच. हे लोक स्वतःला 'फंक ब्रदर्स' म्हणवून घेत. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट आणि बेसवर जेम्स जेमरसन.

जेमरसन यांचं नाव बेसवादक आजही कानाला हात लावून घेतात. ते तारा छेडायला उजव्या हाताचं एकच बोट वापरत. त्या बोटाला 'द हूक' असं नावच पडलं होतं. त्यांच्या आधी पॉपमध्ये बेसचं काम होतं तालाला आधार द्यायचा, मागे राहायचं. जेमरसन यांनी बेसला गाणं शिकवलं. गायकाची चाल एका दिशेने जात असताना त्यांचा बेस स्वतःची वेगळी चाल बांधत जातो आणि तरी कुठे अडथळा होत नाही. आपल्याकडे चांगला सारंगीवाला गायकाच्या मागे राहूनही स्वतःचं काही बोलत असतो, तसंच काहीसं.

आणि 'माय गर्ल'? ते १९६४ च्या अखेरीस आलं. सुरुवातीला जेमरसन यांचा बेस हृदयाच्या ठोक्यासारखा. त्यावर रॉबर्ट व्हाइट यांची गिटार पायऱ्या चढल्यासारखी वर जाते. हे स्वर नीट ऐका. सा रे ग प ध सां. म्हणजे आपल्या भूपाचा आरोह! राग म्हणून ते वाजवलेलं नाही अर्थातच, पण मराठी कानाला ती चढण ओळखीची का वाटते, याचं उत्तर तिथे आहे.

याच रॉबर्ट व्हाइट यांचा एक प्रसंग २००२ मधल्या 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' या माहितीपटात येतो. अनेक वर्षांनी ते एका हॉटेलात जेवायला बसले होते. वेटर ऑर्डर घ्यायला आला आणि नेमकं 'माय गर्ल' लागलं. ही गिटार माझी आहे, असं ते सांगायला गेले आणि मध्येच थांबले. नुसती जेवणाची ऑर्डर दिली. कारण काय, तर वेटरला वाटेल, म्हातारा काहीतरी फेकतोय. जगभर वाजणारं ते गाणं, आणि ते आपण वाजवलं हे सांगायची त्या माणसाला लाज वाटावी. नाव न छापण्याची किंमत ती हीच.

जेमरसन यांचं नाव मोटाउनच्या एका मोठ्या अल्बमवर ठळकपणे आलं ते थेट १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली आणि डेट्रॉइटच्या बहुतेक वादकांचं काम सुटलं. १९८३ मध्ये मोटाउनच्या २५ वर्षांचा झगमगता सोहळा झाला. जेमरसन यांना बोलावणं नव्हतं. ते तिकीट काढून प्रेक्षकांत बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. वय अवघं ४७.

नावं का छापली नाहीत?

पहिलं कारण जागेचं. छोट्या तबकडीच्या गोल लेबलवर गाणं, गीतकार-संगीतकार, गायक आणि कंपनी यांनाच जागा असायची.

दुसरं कारण धंद्याचं. कंपनी विकत होती ती गायकाची किंवा बँडची प्रतिमा. चार देखण्या मुलांनी मिळून गाणं केलं, ही कल्पना पोस्टरवर शोभते. त्यात चाळिशीतला चष्मेवाला गिटारवादक बसत नाही. शिवाय आपला हुकमी वादक कोण, हे प्रतिस्पर्धी कंपनीला कळू द्यायचं नसायचं. मोटाउनचे वादक तर गुपचूप बाहेर जाऊन वाजवायचेच. जॅकी विल्सनच्या १९६७ मधल्या 'हायर अँड हायर'मध्ये हीच मंडळी आहेत.

तिसरं कारण पैशाचं, आणि ते सर्वांत महत्त्वाचं. गाणं पुन्हा पुन्हा वाजलं की गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टी मिळते. करारानुसार गायकालाही विक्रीतला वाटा मिळतो. सेशन वादकाला एकदाच बिदागी. त्याने शोधलेला तुकडा गाण्याची ओळख बनला, तरी कायद्याच्या नजरेत तो 'रचना' नसून 'वादन' ठरायचा. अमेरिकेत तर आजही नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की गायक-वादकांना त्याचे पैसे मिळत नाहीत, फक्त रचनाकारांना मिळतात.

नोंदी न ठेवल्याचा आणखी एक परिणाम आहे. कुणी काय वाजवलं यावरून आजही वाद होतात. मोटाउनची काही गाणी आपण वाजवली, असं कॅरल के सांगत. जेमरसन यांच्या चाहत्यांना आणि अभ्यासकांना ते मान्य नाही. लेबलवर दोन ओळी छापल्या असत्या तर हा वाद उद्भवलाच नसता.

बीटल्स, भागवत आणि मुंबई

बीटल्स तर स्वतःच वाजवायचे ना? हो. पण तिथेही गोष्ट सरळ नाही. १९६२ मधल्या त्यांच्या पहिल्या सिंगलची, 'लव्ह मी डू'ची, अल्बमवरची आवृत्ती ऐका. ड्रमवर रिंगो स्टार नाही, अँडी व्हाइट हा सेशन ड्रमर आहे. रिंगोच्या हातात खंजिरी दिली होती.

१९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बममधल्या 'एलेनॉर रिग्बी'त एकाही बीटलने वाद्य वाजवलेलं नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, असे आठ वादक निर्माता जॉर्ज मार्टिन यांनी लिहिलेलं संगीत वाजवतात. मुखपृष्ठाच्या मागे या आठांची नावं नाहीत.

पण त्याच मुखपृष्ठावर एक नाव आहे, आणि ते वाचून मराठी माणूस दचकेल. अनिल भागवत, तबला. जॉर्ज हॅरिसनच्या 'लव्ह यू टू' या गाण्यात त्यांचा तबला आहे. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे आयना अंगडी यांनी त्यांना फोन करून, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला येशील का, असं विचारलं. कोण जॉर्ज, हे त्यांना कळलं नव्हतं. घ्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा अंदाज आला.

पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'मधल्या 'विदिन यू विदाउट यू'त वाजवणाऱ्या भारतीय वादकांना मात्र हे भाग्य लाभलं नाही. नटवर सोनी, अमृत गज्जर, बुद्धदेव कनसारा ही नावं चर्चेत यायला २०१७ साल उजाडावं लागलं. म्हणजे पन्नास वर्षं.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांसोबत काम केलं. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीत इथलं आहे. त्याच वर्षीच्या हॅरिसनच्या 'वंडरवॉल म्युझिक' अल्बमवर शिवकुमार शर्मा, आशिष खान, बासरीवादक एस. आर. केंकरे अशी नावं छापलेली दिसतात.

मुंबईला हा सगळा प्रकार नवा नव्हता. त्याच दशकात हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे कितीतरी वादक आणि संयोजक राबत होते. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. पडद्यावर नाव यायचं संगीतकाराचं. गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे, १९७७ मध्ये, 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यातून. ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे, हे बहुतेकांना तेव्हाही माहीत नव्हतं.

कोर्टापर्यंत गेलेला ऑर्गन

बँडचे सदस्य असले तरी श्रेय मिळतंच असं नाही. ॲनिमल्सचं १९६४ मधलं 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे पारंपरिक गाणं. बसवलं पाचांनी मिळून. लेबलवर संयोजक म्हणून नाव छापलं एकट्या अ‍ॅलन प्राइसचं, आणि त्या श्रेयाची रॉयल्टीही त्यालाच. हिल्टन व्हॅलेंटाइनची गिटार, जिच्यावरून ते गाणं ओळखलं जातं, तिला काही नाही.

प्रोकोल हारमच्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'मध्ये, म्हणजे १९६७ मध्ये, मॅथ्यू फिशरने वाजवलेला ऑर्गन हीच गाण्याची ओळख. रचनेचं श्रेय मात्र गॅरी ब्रुकर आणि कीथ रीड यांचं. फिशर २००५ मध्ये कोर्टात गेला. खटला ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला आणि २००९ मध्ये निकाल फिशरच्या बाजूने लागला. संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा. गाणं आल्यावर ४२ वर्षांनी. गाण्याची चाल म्हणजे फक्त गळ्यातून येते ती, या समजाला त्या निकालाने धक्का दिला.

आणखी एक चांगला बदल झाला. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ७० केली, तेव्हा वाढीव वर्षांतल्या विक्रीच्या उत्पन्नातले २० टक्के सेशन वादकांसाठी बाजूला काढायची अट घातली. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये ती लागू झाली. म्हणजे १९६३ आणि त्यानंतरची गाणी तिच्यात बसली. जे तोवर हयात होते, त्यांच्या हाती थोडं तरी पडलं.

मग गायकांचं मोठेपण कमी होतं का?

अजिबात नाही. ब्रायन विल्सनच्या डोक्यात ते सूर नसते तर वादकांनी वाजवलं काय असतं? मार्व्हिन गेचा आवाज जेमरसन देऊ शकत नव्हते. आणि सगळेच सेशन वादक दुःखी होते असंही नाही. काम भरपूर होतं, काहींनी उत्तम पैसा कमावला, आणि प्रसिद्धीची कटकट नको म्हणणारेही होते.

मात्र हे कळल्यावर गाणी जास्त आवडू लागतात, हा आमच्यासारख्या चाहत्यांचा अनुभव. गायकाच्या आवाजामागे कान जायला लागतो आणि शंभरदा ऐकलेल्या गाण्यात नवी खोली उघडते.

ऐकायचं असेल तर…

हेडफोन लावा. मोबाईलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही. मग हे ऐका:

• 'बी माय बेबी' (रोनेट्स, १९६३): पहिले चार सेकंद फक्त हॅल ब्लेन.
• 'माय गर्ल' (टेम्प्टेशन्स, १९६४): आधी जेमरसन, मग रॉबर्ट व्हाइटची चढण.
• 'एलेनॉर रिग्बी' (बीटल्स, १९६६): गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त चेलो ऐका.
• 'बर्नाडेट' (फोर टॉप्स, १९६७): सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त बेस. जेमरसन एकच गोष्ट दोनदा क्वचितच वाजवतात.
• 'द बीट गोज ऑन' (सनी अँड शेअर, १९६७): कॅरल के यांची ती एक ओळ.

गाण्यांच्या ॲपमध्ये 'क्रेडिट्स' असा पर्याय असतो, तोही उघडून बघा. जुन्या गाण्यांना तिथे अजूनही बहुधा गायक, रचनाकार आणि निर्माता एवढंच सापडतं. तेव्हा यातलं एखादं गाणं स्टेटसला ठेवाल, तर गायकाच्या नावाशेजारी वाजवणाऱ्याचंही नाव लिहा. रॉबर्ट व्हाइट, गिटार. एवढंही पुरे.